सूचना : मैदाने व बागांच्या वापराचे नियम, रविवारची बैठक

सर्व सभासदांस नमस्कार.

मैदाने व बागांच्या वापराच्या नियमांबाबत कोल्हापूर महापालिकेला द्यायच्या निवेदनाचा मसुदा येत्या रविवारी सकाळी ७ वाजता, रंकाळ्यावरची फेरी झाल्यावर नक्की करायचा आहे. नेहमीच्या बाकांजवळ जमू. कृपया वेळ पाळा.

सगळ्यात मोठा प्रश्न मैदानांवरच्या वेळेच्या वाटपाचा आहे. गांधी मैदानात पावसाचं पाणी साचलं की खेळायला जागा उरते थोडी, आणि ती आधी येऊन दांडगाई करणाऱ्याची होते. पेठेतल्या फुटबॉलच्या पोरांना सराव हवाच, पण म्हणून मुलींनी आणि म्हाताऱ्या माणसांनी कडेला उभं राहायचं का? आठवड्याचं वेळापत्रक फाटकावर मराठीत लावावं, एकाच संघाला रोजची संध्याकाळ देऊ नये, ठरावीक तास कुणालाही आरक्षित न करता मोकळे ठेवावेत, असं माझं मत आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळावं. नोंदणी फक्त मोबाईलवर नको, खिडकीवरही हवी.

दिव्यांगांसाठी उतरता रस्ता मागताना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० जरूर लिहा. खेळाच्या सोयी त्यांना वापरता याव्यात, हे त्यात आहे.

राजर्षी शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात मागच्या माणसालाही कुस्ती दिसते, कारण बैठक उतरती बांधली आहे. नियमही तसेच सगळ्यांचा विचार करून बांधूया.

शुल्काबाबत मतभेद आहेत, ते बैठकीतच बोलू. ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत आपलं म्हणणं इथेच लिहावं. ताई-वहिनींनी आपल्या सोयीच्या वेळा नक्की कळवाव्यात.