काका, जॉन्सन घराण्याचे कागद उलगडून दिल्याबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

सतराव्या शतकात गुलाम म्हणून व्हर्जिनियात आणलेल्या अँथनी जॉन्सनच्या घराण्यावरचा, मंडळाच्या दिवाळी अंकातला लेख काल छपाईला गेला. लेखाखाली नाव माझं आहे, पण त्यातले कागद वाचून दिलेत तुम्ही. ‘माझं नाव कुठे घालू नकोस’ असं बजावलंत, तेव्हा ते घालत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत, म्हणून हे उघड पत्र.

वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की काकांची सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. निवृत्तीनंतर ते मुलाकडे व्हर्जिनियात आले. मोडी त्यांना येतच होती, इथे येऊन सतराव्या शतकातलं इंग्रजी हस्ताक्षर शिकले.

मी तुमच्याकडे आले ते ‘टोनी ईस्ट इंडियन’ला शोधत. १६३५ साली जॉर्ज मेनेफी नावाच्या जमीनदाराच्या कागदात हे नाव येतं. आपल्या बाजूचा माणूस इतक्या लवकर इथे पोचला होता, या विचारानं मी भारावून गेले होते. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘एका नावावर घराणं उभं राहत नाही. तुला घराणंच लिहायचं असेल तर ज्याच्या जमिनीचे फेरफार सापडतात असं घे.’ आणि जॉन्सनांचं नाव सुचवलंत.

१६२५ च्या शिरगणतीतली ती ओळ तुम्ही बोट ठेवून वाचून दाखवलीत. बेनेटच्या मळ्यावर ‘अँटोनिओ, निग्रो, जेम्स जहाजातून, १६२१’. आणि तिथेच ‘मेरी, निग्रो स्त्री, मार्गारेट अँड जॉन जहाजातून, १६२२’. मधल्या काळात, २२ मार्च १६२२ ला, तिथल्या मूळ रहिवासी पॉवहाटन लोकांनी इंग्रजांच्या वसाहतींवर हल्ला केला आणि त्या एका मळ्यावर ५२ माणसं मारली गेली. अँटोनिओ, म्हणजेच पुढचा अँथनी जॉन्सन, वाचला. पुढे याच दोघांचं लग्न झालं आणि चाळीसेक वर्षं संसार चालला. गुलाम म्हणून आणलेली ही माणसं मोकळी झाली, आडनाव लावू लागली, चेसापीक उपसागराच्या पूर्वेच्या पट्ट्यात गुरंढोरं राखू लागली.

पन्नास एकरांचा हिशोब तुम्ही समजावलात तो मी लेखात जसाच्या तसा घेतला आहे. वसाहतीत माणूस आणायचा प्रवासखर्च जो भरेल त्याला दर माणशी ५० एकर. १६५१ मध्ये जॉन्सनला पंगोटीग खाडीवर २५० एकर मिळाले, म्हणजे त्याच्या अर्जावर पाच नावं होती. पुढच्या तीन वर्षांत जॉन आणि रिचर्ड या मुलांच्या नावावरही शेजारीच जमिनी झाल्या. बाप-लेकांची सलग जमीन बघून तुमचा चेहरा खुलला होता, ते माझ्या लक्षात आहे.

तारखांचं मात्र तुमच्यावाचून जमलंच नसतं. त्यांच्या घराला आग लागली त्या वर्षाच्या फेब्रुवारीतल्या नोंदीवर १६५२ आहे, आणि पुस्तकांत १६५३. इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, हे तुम्ही सांगितलंत आणि सगळी जंत्री सरळ झाली. त्या आगीनंतर जॉन्सननं कोर्टाकडे सवलत मागितली. तीस वर्षांहून जास्त काळ इथे राहिलो, कष्ट केले, हे सगळ्यांना ठाऊक आहे, असं त्याचं म्हणणं. कोर्टानं मेरीला आणि दोन्ही मुलींना जन्मभरासाठी कर माफ केला. ही माफी किती मोठी, तेही तुम्हीच दाखवलंत. १६४३ च्या कायद्यानं आफ्रिकी बायकांवर डोईपट्टी बसवली होती, इंग्रज बायकांवर नव्हती. म्हणजे निदान या एका बाबतीत कोर्टानं या तिघींना शेजारणींच्या बरोबरीला बसवलं. मला हे पान सगळ्यांत आवडतं.

आणि मग जॉन्सनकडे राबणाऱ्या जॉन केसरचं पान. जुन्या लिपीतला ‘सी’ आजच्या ‘आर’सारखा दिसतो, त्यामुळे ते नाव लावायला मला तुमचीच मदत लागली. केसरचं म्हणणं, मी सात-आठ वर्षांच्या करारावर आलो, मुदत केव्हाच संपली. जॉन्सन म्हणत होता, हा माझा जन्माचा गुलाम. बायको, मुलं, जावई यांनी समजावलं तेव्हा त्यानं केसरला जाऊ दिलं, आणि मग मन फिरवून, त्याला कामावर ठेवून घेणाऱ्या रॉबर्ट पार्करवर दावा लावला. मार्च १६५५ मध्ये निकाल जॉन्सनच्या बाजूनं लागला. कुठलाही गुन्हा नसताना एका माणसाला जन्मभर दुसऱ्याच्या मालकीचं ठरवणारा व्हर्जिनियातला हा पहिलाच निकाल मानतात.

आजकाल कुणी या एका निकालापुरताच जॉन्सनला ओळखतं, कुणी त्याचं कौतुक करताना नेमकं हेच वगळतं. तुम्ही दोन्हीला ठाम नकार दिलात. ‘उतारा अर्धा देता येत नाही. बोजा असेल तर बोजासकट द्यायचा,’ हे तुमचं वाक्य मी लेखात घेतलं आहे. स्वतः गुलामीतून सुटलेल्या माणसानं दुसऱ्याला सुटू दिलं नाही, हे लिहिताना जड गेलं. पण ज्या घरानं त्याला केसरला सोडून द्यायला सांगितलं, तेही घर त्याचंच होतं, आणि हेही त्याच कागदात आहे.

१६६५ च्या सुमाराला कुटुंबानं मुक्काम हलवला. २०० एकर विकले, ५० रिचर्डला दिले आणि मेरीलँडमध्ये, आजच्या सॉमरसेट काउंटीत, ३०० एकर खंडानं घेतले. ‘टोनीज व्हिनयार्ड’ हे त्या जमिनीचं नाव. १६७० मध्ये अँथनी गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या पंचांनी ठरवलं की तो निग्रो होता, म्हणून परका होता, म्हणून त्याची जमीन सरकारजमा होऊ शकते. रिचर्डला दिलेले ५० एकर गेले, ते जॉर्ज पार्करला. ज्या वसाहतीनं त्याला पाच माणसांच्या हिशोबानं जमीन लिहून दिली, त्याचे दावे ऐकले, करमाफी दिली, तिनंच तो मेल्यावर त्याला परका ठरवला.

हे वाचून झाल्यावर तुम्ही चष्मा काढून ठेवलात. मग म्हणालात, तुमच्या हातून हजारो वारसनोंदी गेल्या, पण वारसाचा हक्क त्याच्या बापाच्या कातडीवरून तपासायची नोंद कधी बघावी लागली नव्हती. त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही आपण.

पण तुम्हीच मला पुढच्या आठवड्यात फोन करून बोलावलंत, कारण मेरी राहिली होती. तिनं टोनीज व्हिनयार्डचा करार नव्यानं ९९ वर्षांचा करून घेतला. १६७२ मध्ये नातवांच्या नावावर एकेक गाय केली. १६७७ मध्ये जॉन या नातवानं ४४ एकर विकत घेतले आणि त्या जमिनीचं नाव ठेवलं ‘अंगोला’, आफ्रिकेतल्या मुलखाचं. आजोबा बोटीतून उतरल्याला तेव्हा छप्पन्न वर्षं झाली होती. मूळ गावाचं नाव शेताला देणं म्हणजे काय, हे आपल्यासारख्या घर सोडून आलेल्यांना समजावून सांगावं लागत नाही. लेखाचा मथळा म्हणूनच ‘अंगोला, ४४ एकर’ असा ठेवला आहे. तुम्हाला आवडेल अशी आशा.

तुम्ही एका पैशाची अपेक्षा न ठेवता, डोळ्यांना त्रास होत असतानाही, शनिवारचे शनिवार माझ्याबरोबर बसलात. माझ्या लेकीला भिंगातून अक्षरं दाखवलीत, ती आता घरी आजोबांचा जुना सातबारा काढून बसली आहे आणि भारतात फोन करकरून चुलत्यांना प्रश्न विचारते आहे. काकूंनी आमची सरबराई केली, त्यांनाही नमस्कार सांगा.

अंक आला की पहिली प्रत घेऊन मी स्वतः येते. येताना सॉमरसेट काउंटीच्या कागदांच्या प्रतीही आणते. अँथनीच्या दोन मुलींची लग्नं कुठे झाली, हे शोधायचं आपण ठरवलं होतं, ते मी विसरलेले नाही.

आपली नम्र,
दिवाळी अंकाच्या संपादक मंडळातली तुमची विद्यार्थिनी