किरणांनंतरचा जबडा

महोदय,
तंबाखू-गुटख्यापायी तोंडाचा कर्करोग झालेले आपल्याकडे गावोगावी आहेत. किरणोपचारात गाठीबरोबर जबड्याच्या बारीक रक्तवाहिन्या आणि हाड घडवणाऱ्या पेशीही होरपळतात. पुढे कधीतरी दाढ काढली, की काहींची जखम भरत नाही, हाड उघडे पडते. तिथे हाडाची पोकळी बुजवायला वापरतात ते कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम दाणे नुसते भरून भागत नाही. त्यांत जिवंत पेशी नसतात. फ्रान्समध्ये नाँतच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत त्या दाण्यांत अस्थिमज्जा (हाडातला जिवंत पेशींचा मगज) मिसळली, तेव्हा नवे हाड अधिक धरले. माणसांसाठी मात्र आज, जबड्याचे हाड फार खराब झाले असेल तर, नडगीशेजारचे हाड काढून जबड्याला जोडण्याची तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रियाच मुख्य आधार. (ती किती जणांना परवडते?) निदान किरणे देण्याआधी दंततपासणी सरकारी रुग्णालयांनी सक्तीची करावी, म्हणजे खराब दाढा आधीच काढता येतील.
– एक वाचक, सातारा