कोड ‘सर्किट’चा, बिल मात्र इंजेक्टरचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेट्रोल मोटारीचा चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) जोडला जातो आणि त्यावर पी०२०१ ते पी०२०४ यांपैकी एखादा कोड दिसला की बऱ्याच गॅरेजांत पुढचे वाक्य ठरलेले असते : ‘इंजेक्टर गेलाय, बदलावा लागेल.’ या घाईच्या निदानाला माझा आक्षेप आहे. हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरच्या इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या, सर्किटमध्ये बिघाड असल्याचे सांगतात. सर्किट म्हणजे नुसता इंजेक्टर नव्हे. बॅटरीकडून फ्यूज व मेन रिलेमार्गे येणारा पुरवठा, इंजेक्टरमधली कॉइल, तिथून ईसीएमकडे (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरकडे) जाणारी वायर, वाटेतले कपलर (वायरींचे प्लग-जोड) आणि ईसीएमच्या आत अर्थ जोडणारा-तोडणारा ड्रायव्हर (इलेक्ट्रॉनिक स्विच), एवढे सगळे त्यात येते. यांतले नेमके काय बिघडले हे शोधणे मिस्त्रीचे काम आहे आणि त्यातले बरेचसे साध्या मल्टिमीटरवर भागते.

किल्ली ऑन करून इंजेक्टरच्या काढलेल्या कपलरमध्ये एका पिनवर बॅटरीइतका व्होल्टेज मिळतो का, हे आधी पाहावे. चारही इंजेक्टरांचा पुरवठा बहुधा एकाच फ्यूजवरून येतो. त्यामुळे कोड एकाच सिलिंडरचा असेल, तर फ्यूज व रिलेवर संशय घेण्याचे फारसे कारण उरत नाही आणि शोध त्या एका फाट्यापुरता आखडतो. नंतर कॉइलचा रेझिस्टन्स मोजावा. इनटेक मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या नेहमीच्या इंजेक्टरमध्ये तो साधारण १२ ते १६ ओहम असतो. त्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा प्रमाण मानावाच, पण चारही इंजेक्टरांची रीडिंग एकमेकांशी ताडून पाहिली तर वेगळे पडणारे लगेच उठून दिसते. इंजिन तापल्यावरच मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणे) होत असेल, तर हे माप गरम इंजिनावर पुन्हा घ्यावे, कारण थंड असताना शाबूत दिसणारी कॉइल तापल्यावर तुटू शकते. शेवटी कपलरमध्ये नॉइड लाइट (इंजेक्टरच्या जागी जोडायचा छोटा तपासणी-दिवा) लावून स्टार्टर मारावा. दिवा लुकलुकला तर ईसीएमचा इशारा तिथवर पोचतो आहे. तो सतत जळत राहिला, तर ईसीएमकडे जाणारी वायर कुठे तरी बॉडीला टेकली आहे किंवा ड्रायव्हर शॉर्ट झाला आहे. अशा वेळी इंजेक्टर उघडाच राहून सिलिंडरमध्ये पेट्रोल भरते आणि ते ऑइलमध्येही उतरते, म्हणून गाडी तशीच चालवू नये.

एका फसव्या बिघाडाकडे विशेष लक्ष वेधायचे आहे. वायर आतून कुजून तिचा एखादाच तार शिल्लक असला तरी मल्टिमीटर कंटिन्युटी, म्हणजे वायर अखंड असल्याचे, दाखवतो आणि उघड्या पिनवर व्होल्टेजही पूर्ण मिळतो, कारण मीटर वायरीतून जवळपास काहीच करंट ओढत नाही. इंजेक्टर मात्र सुमारे एक अँपिअर ओढतो. १४ व्होल्टवर १४ ओहमच्या कॉइलमधून १ अँपिअर वाहतो. वायरीत जास्तीचे ५ ओहम आले की तो ०.७४ अँपिअरवर येतो. इंजेक्टर उशिरा उघडतो, पेट्रोल कमी पडते, गाडी मिसिंग करू लागते आणि सर्किटचा कोड कदाचित येतही नाही; येतो तो पी०३०२ सारखा मिसफायरचा. अशा वायरीची परीक्षा लोड देऊनच, म्हणजे तिच्यातून खरा करंट वाहवूनच, करावी लागते. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पुरवठ्याची पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये लावला की तो सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब मंद पेटला, पिनवरचा व्होल्टेज घसरला, की दोष वायरीत आहे हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. ईसीएमकडची वायर मात्र दोन्ही टोके सोडवूनच अशी तपासावी. ईसीएमच्या ड्रायव्हरवर बल्ब कधीही लावू नये.

आमच्या कोकणात हा विषय अधिकच जवळचा आहे. दमट खारी हवा, पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेणारे उंदीर आणि जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात बुडालेल्या गाड्या यांनी कपलरच्या पिनांवरचा हिरवा गंज इथल्या प्रत्येक वायरमनला ओळखीचा करून दिला आहे. माझ्या परिचयातील एका गृहस्थांना गॅरेजने आधी नवा इंजेक्टर घालून दिला आणि कोड परत आल्यावर ईसीएम बदलण्याचा खर्च सांगितला. दोष निघाला क्लिपखाली घासून उघड्या पडलेल्या एका वायरीत. मीटरची पिन वायरीच्या आवरणातून टोचून पाहण्याची सवयही इकडे महागात पडते, कारण त्याच भोकातून पाणी शिरून पुढच्या पावसाळ्यात नवा बिघाड उभा राहतो.

कॉमन रेल डिझेल आणि थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांना वरील पद्धत लावू नये. त्यांच्या इंजेक्टरवर पन्नास व्होल्टपेक्षा बराच जास्त व्होल्टेज येऊ शकतो.

१ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासंबंधीचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर दुचाकींतही कार्बोरेटरची जागा बहुतांशी इंजेक्टरने घेतली, त्यामुळे हा प्रश्न आता गावोगावच्या दुचाकी मिस्त्रींपर्यंत पोचला आहे. आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेइकल अभ्यासक्रमात मल्टिमीटर आहे; परंतु मुद्दाम कुजवलेली वायर असलेले वायरिंग मुलांच्या हाती देऊन लोडवर दोष शोधायला लावणे, हे प्रत्येक संस्थेत व्हायला हवे. त्याला लागणारा खर्च किरकोळ आहे.

गॅरेजचालकांना विनंती अशी की इंजेक्टर किंवा ईसीएम बदलण्यापूर्वी पुरवठ्याचा व्होल्टेज, चारही कॉइलचे ओहम आणि लोडवरचे रीडिंग जॉब कार्डवर लिहून ग्राहकाची सही घ्यावी. वाहनमालकांनीही हे आकडे मागावेत, बदललेला जुना भाग ताब्यात घ्यावा आणि रीडिंग न घेताच भाग बदलायचा आग्रह होत असेल, तर गाडी दुसरीकडे दाखवावी.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, चिपळूण