पोर्तुगालातल्या इदान्या-आ-नोवाच्या, आदुफ (चौकोनी डफ) वाजवणाऱ्या आजींस

आजी, सादर नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी मराठीतच लिहितोय. एवढं ऋण दुसऱ्या भाषेत मला मांडता येणार नाही.

माझ्या इलेक्ट्रॉनिक ट्रॅकमध्ये आदुफ घ्यायचा म्हणून तुमच्याकडे येण्याआधी लिस्बनमध्ये बऱ्याच जाणकारांना भेटलो होतो. एकांनी 'लोकगीतं डिस्कोत नाचवायला नसतात' असं सांगून विषयच संपवला. एका स्टुडिओवाल्याने तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे ठेके, पुढे केले, म्हणाला, चार-चारच्या ठेक्यात बसव आणि मोकळा हो. आदुफ नुसता हातात घेऊन बघ, असं त्यांच्यातलं कुणीच म्हणालं नाही.

तुम्ही आधी माझा ट्रॅक ऐकायला मागितलात. हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलात. मग आदुफवर थाप मारलीत आणि मान हलवलीत. हवा दमट होती, कातडं सैल पडलं होतं. मला तो आवाजही पुरला असता. पण तुम्ही उठलात, चुलीपाशी बसलात आणि तो चौकोनी आदुफ दोन्ही बाजूंनी शेकत राहिलात. तुमच्या सेन्योरा दो आल्मोर्तांव मातेच्या जत्रेसाठी शेकावा तसाच, एका परक्या पोराच्या मशीनसाठी! आजी, मला तिथेच भरून आलं होतं. ओळख ना पाळख, तरी त्याचं काम आपलंच समजून नीट करणारी माणसं आहेत, म्हणून माझ्यासारखे नवखे टिकतात.

मग दोन्ही अंगठे आणि उजव्या हाताची तर्जनी यांवर आदुफ तोलून तुम्ही वाजवायला लागलात. आत बिया खुळखुळत होत्या. तुमची चाल तीन-तीनची, माझा किक, म्हणजे मशीनमधला ढोलाचा ठोका, सरळसोट. कॉम्प्युटरने तुमचे ठोके मोजून आखलेल्या ग्रिडला चिकटवले की सगळा डौल निघून जायचा. म्हणून आता तुमचे ठोके जसेच्या तसे ठेवलेत आणि किक त्यांच्यामागे सरकवलाय.

मी गोव्याचा. आमच्या किनाऱ्यांवर वाढलेल्या ट्रान्स या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचाच वारसा सांगणारा बूम महोत्सव १९९७ मध्ये पोर्तुगालात सुरू झाला, आणि आता तुमच्याच गावाजवळच्या तलावाकाठी भरतो. त्या स्पीकर्सवर आदुफ याच तालुक्यातल्या बायकांच्या हातचा वाजावा, असं मला मनापासून वाटतं.

ट्रॅक पाठवतोय. नावांत तुमचं नाव माझ्या आधी आहे. तुमच्या गटातल्या सगळ्याजणींना ऐकवा आणि कुठे खटकलं तर कळवा. बदलून पाठवीन.

तुमचा ऋणी