काकूंच्या डाव्या हाताचे आभार

तीर्थस्वरूप काकूंस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही म्हणता, "आभारप्रदर्शन कार्यक्रम संपल्यावर करतात गं, आपला कुठे संपलाय?" म्हणून लिहून मानतेय, आणि तेही चारचौघांत. आता मध्येच तोडता येणार नाही तुम्हाला.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. ठाण्यात नौपाड्यातल्या एका क्लासात मोठ्यांची पियानोची बॅच आहे. मोठ्यांची म्हणायची, पण एक अकरावीतला मुलगाही त्यात आहे, कारण त्याच्या वेळेत दुसरी बॅच नव्हती. बाकी एक डेंटिस्ट, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालत पोचणारा एक आयटीवाला, बँकेत नोकरी करणारी मी, आणि सत्तरीला टेकलेल्या काकू. पुढे काय शिकायचं असं सरांनी विचारलं तेव्हा अकरावीवाला पटकन 'ब्लूज' (अमेरिकेतला एक संगीतप्रकार) म्हणाला. बाकीच्यांना दुसरं काही सुचेना, म्हणून तेच ठरलं. शनिवारी सर दाखवतात आणि रविवारी सकाळी काकूंच्या हॉलमध्ये कॅसिओ टीपॉयवर ठेवून आम्ही ते घोटतो.

काकू भजनी मंडळात वर्षानुवर्षं पेटी वाजवतात. तेव्हा आम्हाला वाटलं, या आपल्या कितीतरी पुढे निघून जाणार. उजवा हात गेलाही. डावा मात्र आमच्याहून कोरा निघाला. का, ते काकूंनीच हसत सांगितलं: "अरे, या हाताने जन्मभर भाता मारलाय. सूर कुठे वाजवलाय त्याने?"

ब्लूजमध्ये सगळा संसार डाव्या हातावर. करंगळी पांढरी एकवर (पेटीवाले सी पासून पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या वेगवेगळ्या मोजतात), तर्जनी पाचवर, आणि अंगठ्याने पाच सोडून सहावर जाऊन परत यायचं: एक-पाच, एक-सहा, एक-पाच, एक-सहा. ऐकायला सोपं, पण करंगळी रुसली की खेळ खलास. काकूंची करंगळी तर पहिले काही रविवार हवेतच असायची. त्या तिच्याकडे बघून "ये गं, बस खाली" म्हणायच्या, उजव्या हाताने तिला दाबून पट्टीवर बसवायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. आमच्यासमोर. लाज नाही की चिडचिड नाही. डेंटिस्ट आणि आयटीवाला त्याआधी घरूनच "या आठवड्यात सराव नाही झाला" अशी ढाल पुढे करून यायचे. ती ढाल त्या करंगळीपुढे टिकली नाही. काकू डायनिंग टेबलाच्या कडेवर, पोळपाटावर, तलावपाळीच्या कठड्यावरसुद्धा तीन बोटं चालवतात म्हटल्यावर आम्ही कुठल्या तोंडाने कारणं सांगणार?

काकू, तुमच्या त्या वहीचे आभार वेगळे मानायला हवेत. सरांनी फळ्यावर बारा बारचा, म्हणजे बारा घरांचा, नकाशा काढला होता, रोमन आकड्यांत. आम्ही सगळ्यांनी फोटो काढले आणि कुणीच परत पाहिले नाहीत. तुम्ही भजनाच्या वहीच्या मागच्या पानावर चार-चार घरांच्या तीन ओळी आखल्या आणि पेटीच्या भाषेत लिहिलंत:

१ १ १ १
४ ४ १ १
५ ४ १ ५

पांढरी एक, पांढरी चार, पांढरी पाच. सी, एफ, जी. शेवटच्या पाचाला लाल पेनाने गोल, बाजूला "इथून परत फिरा". सर ज्याला टर्नअराउंड म्हणतात ते हेच. एका घरात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन, हा हिशेबही तुमचाच. त्या पानाची झेरॉक्स आज पाचही घरांत कीबोर्डच्या वर चिकटवलेली आहे. कॉर्डमध्ये (एकदम दाबायच्या सुरांच्या जुळणीत) थोडा चटका हवा म्हणून सर एक-तीन-पाचवर काळी पाचसुद्धा दाबायला सांगतात. तेव्हा तुम्ही तिन्ही आकड्यांच्या डोक्यावर बारीकसा सात काढलात आणि "याला आपण कोमल निषाद म्हणतो, घाबरू नका" म्हणालात.

त्याच्या पुढच्या शनिवारी सरांनी ब्लूज स्केल, म्हणजे ब्लूजची सुरावळ, वाजवून दाखवलं आणि तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "हा तर धानी राग!" सा, कोमल ग, म, प, कोमल नी. खरंच, पाचही सूर तेच. वरून एक तीव्र मध्यम, तोही जाता-येता स्पर्शापुरता. सर क्षणभर गप्प झाले, मग स्वतःच पुन्हा वाजवून बघायला लागले. राग आणि स्केल एक नव्हे, चलन वेगळं, वागणूक वेगळी, हे तुम्हीच आम्हाला लगेच बजावलंत. पण तोवर परकं वाटणारं ते प्रकरण त्या दिवसापासून आमच्या ओळखीतलं झालं.

गंधाराचंही तसंच. गाताना किंवा गिटारवर ब्लूजवाल्यांचा गंधार कोमल आणि शुद्धच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. पियानोला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, नाही. म्हणून काळी दोनवरून बोट घसरवत पांढरी तीनवर आणायचं, दोन्ही एकमेकांना घासतील असं. मला ती घसरण जमेना, टकटक असे दोन वेगळे सूर यायचे. तुम्ही बाजूला बसून म्हणालात, "पेटीचंही हेच दुखणं. मींड निघत नाही म्हणून रेडिओने १९४० साली तिला बाहेर काढलं ते थेट १९७१ पर्यंत. तोवर आम्ही वाजवायचे थांबलो का? जे निघत नाही त्याचा भास द्यायचा." आणि माझं बोट धरून काळ्या पट्टीच्या कडेवरून खाली ओढलंत. भाजी चिरताना सुरीवर असतो तेवढाच दाब द्यायचा, हे मला अजून आठवतं.

लयीसाठी तर मेट्रोनोम (टकटक करून मात्रा मोजणारं यंत्र) तुम्ही बंदच करायला लावलात. "त्याला जीव नाही" हे तुमचं मत. (ते मला पूर्ण पटलेलं नाही. घरी मी तो लावते, हे इथे सांगून टाकते.) पण तकिट मात्र लाखमोलाचं. प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे, त-कि-ट. 'त' वाजवायचा, 'कि' मनात म्हणायचा, 'ट' वाजवायचा. शफल शफल म्हणून सर ती झुलती लय जी सांगत होते ती आयटीवाल्याच्या हातात त्या दिवशी उतरली. मधला 'कि' गिळताना त्याची मान आपोआप हलायला लागली, तेव्हा अकरावीवाल्याने टाळ्या वाजवल्या.

आणि वाजवायच्या आधी तुम्हीच विचारलंत, "हे गाणं मुळात कोणाचं?" आम्ही कुणी विचारलं नव्हतं. सरांनी सांगितलं: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं, ज्यांचे आजे-पणजे गुलाम होते; मिसिसिपीकडच्या कापसाच्या शेतांतल्या, कामाच्या हाकांतून आणि गाण्यांतून आलेलं. पुढे ती माणसं कामासाठी शिकागोसारख्या शहरांत गेली आणि गाणंही त्यांच्याबरोबर गेलं. तुम्ही थोडा वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "म्हणजे जात्यावरचंच की. हात कामात, तोंडात गाणं." पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिसरी उत्तरासारखी, हा साचा कळल्यावर तर तुम्ही तिथल्या तिथे रचलंत:

आठ बाराची गेली गं बाई, पुढची काही येईना,
अगं आठ बाराची गेली गं बाई, पुढची काही येईना,
कुकर माझा गॅसवर बाई, जीव थाऱ्यावर राहीना.

कोजागिरीला गच्चीवर हेच झालं. दूध बाजूला राहिलं आणि अख्खी सोसायटी दुसरी ओळ धरायला लागली. त्या रात्री मी तुमच्या उजवीकडे बसले होते. एकाच कीबोर्डवर डावीकडे तुमचा तो डावा हात, उजवीकडे माझा उजवा. दर रविवारी आपण तसंच वाजवतो आणि मला ज्याचे आभार मानायचेत ते नेमकं हेच आहे. समोरचा कुठेही हरवला तरी तुमची एक-पाच, एक-सहा थांबत नाही. तुम्ही मान वळवून बघतसुद्धा नाही. घरं मोजत राहता, बारावं आलं की "आली सम!" (आवर्तनाची पहिली मात्रा) म्हणता, आणि माणूस पुन्हा आत येतो. एकटीने सराव करताना अडलं की मी पहिल्यापासून सुरू करायची, म्हणून मला पहिली चार घरं झोपेत यायची आणि शेवटची चार कधी भेटायचीच नाहीत. तुमच्या शेजारी बसल्यावर ती भेटली. अकरावीवाल्याला परीक्षेच्या दिवसांत तुम्ही असंच बसवलंत, डेंटिस्टना त्यांच्या आई गेल्यानंतरच्या रविवारी असंच. कुणी काही बोललं नाही तेव्हा. बारा घरं फिरत राहिली.

जिमी यान्सी या ब्लूज पियानोवाल्याची गोष्ट सर सांगत होते, ती तुम्हाला फार आवडली. शिकागोत बेसबॉलच्या मैदानाची देखभाल करायची नोकरी, ती सांभाळून पियानो. पहिली रेकॉर्ड निघाली १९३९ साली, चाळिशी ओलांडल्यावर. आणि सवय अशी, की तुकडा कुठल्याही पट्टीत वाजवो, शेवट करायचा तो ई फ्लॅटमध्ये, म्हणजे आपल्या काळी दोनमध्ये. तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे. कुठूनही गाडी पकडा, उतरायचं ठाण्यालाच."

आता सरांनी नवं काढलंय: पुढच्या महिन्यापासून हेच सगळं एफमध्ये. म्हणजे सा पांढरी चार, मध्यम काळी पाच, पंचम पांढरी एक. वहीतले १, ४, ५ हे आकडे आता पट्ट्यांशी जुळणार नाहीत म्हणून आयटीवाला हवालदिल आहे. त्याला मी सांगितलंय, काकूंनी आयुष्यभर गाणाऱ्यांच्या गळ्याप्रमाणे पट्ट्या बदलल्यात, त्या सा-म-प लिहून देतील आणि प्रश्न मिटेल. तेव्हा रविवारी नवं पान आखून ठेवा. झेरॉक्स मी काढून आणते, आणि पोहे या वेळी आमच्याकडून. तुम्ही ओट्याशी उभं राहायचं नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
उजव्या बाजूला बसणारी