रेग्युलेटरची तीन मॉडेलं आणि तुझे नवे बोर्ड

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. मोबाइल स्टार्टरच्या (फोनवरून पंपाची मोटर चालवणाऱ्या पेटीच्या) नव्या बोर्डावर ३.३ व्होल्टच्या १११७ रेग्युलेटरपुढचा (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपपुढचा) टँटलम कपॅसिटर काढून १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावतो म्हणतोस. कंपनीच्या मॉडेलवर एलटीस्पाइसमध्ये (संगणकावर सर्किट चालवून पाहायच्या प्रोग्राममध्ये) सगळं ठीक दिसलं, असंही लिहितोस. गड्या, ऑर्डर अजून देऊ नको. पत्र लांबेल, पण पूर्ण वाच.

इकडे हरभरा आणि गहू ओलिताला आले आहेत, आणि पंपाची लाइन कित्येकदा रात्रीचीच असते. स्टार्टर चालला तर कास्तकार घरून फोन लावून मोटर सुरू करतो. स्टार्टर अडकला तर त्याला थंडीत, अंधारात, रानडुकरांच्या वाटेनं वावरात जावं लागतं. माझ्याकडे अडकलेले बोर्ड येतात तेव्हा मला आधी तो माणूस दिसतो. यातल्या काही बोर्डांवर रेग्युलेटरच्या आऊटपुटला नुसता सिरॅमिक आहे. स्कोप (व्होल्टेजची लहर दाखवणारं यंत्र) लावला की दिसतं: जीएसएम मॉड्यूल (बोर्डावरचा मोबाइलचा भाग) टॉवरशी बोलायला लागताच ३.३ ची लाइन थरथरते आणि कंट्रोलर रिसेट होतो. जीएसएमचं बोलणं सलग नसतं. दर ४.६१५ मिलिसेकंदांनी ५७७ मायक्रोसेकंदांचा झटका, सेकंदाला सुमारे २१७ वेळा, आणि त्या झटक्यात मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत ओढतं. १११७ वर ते थेट नसलं तरी त्याची इनपुट लाइन त्याच तालात खचते. रेग्युलेटरचा लूप (आऊटपुट पाहून स्वतःला सावरणारं चक्र) आधीच काठावर असेल तर हा ताल त्याला सारखा ढोसत राहतो.

आता मूळ मुद्दा. जुन्या एलएम१११७ च्या डेटाशीटमध्ये आऊटपुट कपॅसिटरचा ईएसआर (त्याचा आतला सिरीज रेझिस्टन्स) ०.३ ते २२ ओहमच्या दरम्यान हवा, असं स्वच्छ लिहिलं आहे. एएमएस१११७ वाले २२ मायक्रोफॅरडचा टँटलम सांगतात. ही अट उगाच नाही. कपॅसिटर आणि त्याचा ईएसआर मिळून लूपमध्ये एक झिरो (ज्या फ्रिक्वेन्सीपासून लूपला फेजची मदत मिळते ती जागा) तयार होतो, आणि रेग्युलेटर बनवणाऱ्यानं त्या झिरोवर भिस्त ठेवलेली असते. १० मायक्रोफॅरड आणि अर्धा ओहम धरला तर तो ३२ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. सिरॅमिकचा ईएसआर ५ मिलिओहम धर, तोच झिरो ३ मेगाहर्ट्झच्या पलीकडे पळतो. लूपला जिथे फेजची गरज असते तिथे काहीच उरत नाही. ७८०५ वर हात बसलेल्यांना हे खटकत नाही, कारण त्याचा आऊटपुट एमिटर फॉलोअर आहे आणि तो कपॅसिटरच्या बाबतीत फार सोशिक आहे.

मग कंपनीच्या मॉडेलनं हे का दाखवलं नाही? कारण असल्या बऱ्याच मॉडेलांत आऊटपुट व्होल्टेज, ड्रॉपआऊट (इनपुट-आऊटपुटमधला किमान फरक) आणि करंट लिमिट बरोबर बसवलेले असतात, पण लूप एखाद्या पोलवर (फेज मागे खेचणाऱ्या जागेवर) भागवलेला असतो. पारख सोपी आहे. ईएसआर ५ मिलिओहमपासून १ ओहमपर्यंत बदलत जा आणि लोड एकदम वाढव. लहर जशीच्या तशी राहिली तर त्या मॉडेलला ईएसआर कळतच नाही, आणि त्याचा ‘ठीक आहे’ हा शेरा स्थिरतेबद्दल नाहीच.

दुसरं मॉडेल मी स्वतः मांडलं: एक एरर ॲम्प्लिफायर, त्याचा पोल, पास ट्रान्झिस्टरच्या बेसचा पोल, आणि बाहेर कपॅसिटर ईएसआर-ईएसएलसकट (ईएसएल म्हणजे त्याचं आतलं इंडक्टन्स). आकडे डेटाशीटच्या आलेखांवरून जुळवले. रिपल रिजेक्शनच्या (इनपुटची लहर किती दबते त्याच्या) आलेखावरून लूप गेनचा अंदाज येतो, लोड ट्रान्झिअंटवरून वेगाचा. चार भागांचं हे मॉडेल मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण कोणता पोल काय करतो ते हाताला लागतं.

तिसरं, आतले ट्रान्झिस्टर एकेक मांडून. इथं मात्र फार जपायचं. १११७ च्या आत एनपीएन ट्रान्झिस्टरला ढकलणारा पीएनपी असतो, आणि आयसीमधला जुन्या पद्धतीचा लॅटरल पीएनपी संथ असतो, काही मेगाहर्ट्झचा. त्या जागी हाताशी आहे म्हणून २एन३९०६ हा सुटा पीएनपी टाकला तर तो २५० मेगाहर्ट्झचा निघतो. मग सर्किट कागदावर भक्कम दिसतं आणि बोर्डावर थरथरतं. संथ पीएनपी टाकला की माझी दुसरी आणि तिसरी मॉडेलं एकाच दिशेनं बोलायला लागतात: सिरॅमिकवर फेज मार्जिन (लूप थरथरण्याआधी उरलेली जागा) पार आटतं, अर्ध्या ओहमवर ४५ अंशांच्या वर जातं.

अजून दोन गोष्टी. लोड बदलताना पाहायचं असेल तर टाइमस्टेपवर मर्यादा घाल, आणि प्रोग्राममधली गिअर ही गणिताची पद्धत निवडू नको. ती खरी थरथरही गणितातच दाबून टाकते. आणि एसी ॲनालिसिस (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवरची तपासणी) एकाच लोडवर करून थांबू नको, १ मिलिअँपिअरवरही कर, कारण लोड बदलला की पोल जागा सोडतात.

बोर्डावर हा लूप तोडता येत नाही, तो तीन पायांच्या आत बंद आहे. म्हणून मी मॉस्फेट आणि रेझिस्टर लावून लोड झटक्यानं बदलतो आणि आऊटपुट किती वेळा डोलतो ते पाहतो. हे थंडीतही कर, उन्हातही कर. इलेक्ट्रोलिटिक असेल तर थंडीत त्याचा ईएसआर वाढतो, उन्हात उतरतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की असल्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून तुला इलेक्ट्रोलिटिककडे वळ म्हणत नाही. सिरॅमिकच ठेव, पण त्याच्याशी सिरीजमध्ये ०.४७ ओहम घाल. सिरॅमिकची क्षमता डीसी व्होल्टेजखाली घटते. १० चे ६ मायक्रोफॅरड उरले तरी झिरो ५६ किलोहर्ट्झच्या आसपास राहतो, माझ्या मॉडेलांत तेवढ्यावर भागतं. कंट्रोलरच्या पायाजवळचा १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक मात्र तसाच असू दे, फक्त तोही मॉडेलमध्ये मांड.

पुढच्या आठवड्यात नागपूरला जाशील तेव्हा सीताबर्डीतून ०.४७ ओहमचे थोडे रेझिस्टर घेऊन ठेव, आणि तुझे दोन कोरे बोर्ड एसटीच्या पार्सलनं इकडे पाठव. माझ्या दोन्ही मॉडेलांच्या फाइली आजच ईमेल करतो. काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
दारव्ह्याचा मित्र