सिंहस्थाआधी रिव्ह्यूंचीही साफसफाई हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. घाट, रस्ते, पार्किंग यांवर रोज बातम्या येतात. बाहेरगावचा भाविक मात्र पंचवटीतला लॉज, जेवणाचे हॉटेल, टॅक्सी, इतकेच काय त्र्यंबकेश्वरला नारायण नागबलीसाठी गुरुजीसुद्धा मोबाइलवरचे तारे पाहून ठरवणार आहे. हे तारे मिळतात कसे, याची चर्चा आपल्याकडे जवळपास होतच नाही.

गूगल मॅप्सवर रिव्ह्यू लिहायला खरेदीचा पुरावा लागत नाही. खाते असले की पुरे. कधी नाशिकला पाय न ठेवलेला माणूसही कॉलेज रोडच्या दवाखान्याला पाच तारे देऊ शकतो. खोल्या बुक करण्याच्या काही संकेतस्थळांवर मुक्काम झाल्यावरच मत नोंदवता येते, तिथे लबाडी अवघड जाते. ऑनलाइन खरेदीच्या संकेतस्थळांवरची ‘व्हेरिफाइड पर्चेस’ (खरेदी पडताळलेली) ही खूण मात्र पूर्ण भरवशाची नाही. वस्तू मागवायला लावून, पाच तारे टाकून घेऊन पैसे मागच्या दाराने परत करण्याचा धंदा टेलिग्रामवर चालतो.

सरासरीचे गणितही समजून घ्यायला हवे. ४.५ सरासरी असलेल्या दुकानाला कुणी एकच तारा दिला, तर पुन्हा ४.५ वर यायला पाच ताऱ्यांचे ७ रिव्ह्यू लागतात. ४.८ असेल तर १९ आणि ४.९ असेल तर ३९. दुकानाचे एकूण रिव्ह्यू वीस असोत की दोन हजार, हे आकडे तेच राहतात. फक्त दोन हजारवाल्याच्या पाटीवर घसरण दिसत नाही आणि वीसवाल्याची लगेच दिसते. त्यात समाधानी गिऱ्हाईक बिल देऊन निघून जाते, चिडलेले मात्र पायरी उतरायच्या आत लिहिते. म्हणजे नव्या, छोट्या आणि प्रामाणिक धंद्यालाच फटका जास्त. रिव्ह्यू विकणारे नेमके अशा दुकानदाराला गाठतात.

दुसरा प्रकार जास्त सफाईचा आहे. गल्ल्यावर क्यूआर कोड ठेवलेला असतो. स्कॅन केल्यावर आधी ‘तुमचा अनुभव कसा होता?’ असे विचारतात. चार-पाच तारे दाबले की थेट गूगलचे पान उघडते. तीन किंवा त्याहून कमी दाबले की ‘आम्हाला कळवा’ असा खासगी फॉर्म येतो आणि तक्रार तिथेच जिरते. इथे एकही रिव्ह्यू खोटा नसतो, तरीही चित्र खोटे असते. गूगलच्या नियमांत अशी निवडक मागणी बसत नाही. सवलत किंवा फुकट वस्तू देऊन रिव्ह्यू घेणेही बसत नाही. ‘पाच स्टार दाखवा, ताक फ्री’ ही पाटी त्यामुळे नुसती हौस नाही, नियमभंग आहे. रिव्ह्यू सगळ्यांकडून मागावेत, बिलाबरोबर मागावेत, त्या बदल्यात काही देऊ नये. एवढे पुरते.

वाचणाऱ्याने सरासरीच्या आकड्यावर थांबू नये. रिव्ह्यू ‘न्यूएस्ट’ क्रमाने लावले की तारखा दिसतात. सहा महिने शुकशुकाट आणि मग एका आठवड्यात तीस पाच-तारे, हे नैसर्गिक नाही. मग ‘लोएस्ट’ने लावावेत आणि तीच तक्रार वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या लोकांनी केली आहे का ते पाहावे. ‘गरम पाणी नाही’, ‘ॲडव्हान्स परत दिला नाही’ असे पाच जणांनी पाच वेळा लिहिले असेल तर ते खरे धरावे. लिहिणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून त्याचे बाकीचे रिव्ह्यू दिसत असतील तर तेही चाळावेत: एकाच आठवड्यात कोची, जयपूर आणि सातपूरच्या दातांच्या डॉक्टरांना पाच तारे देणारा रुग्ण नसतो. भाषेवरूनही कळते. खरे गिऱ्हाईक ‘नाशिकमधील सर्वोत्तम केटरिंग सेवा’ असे लिहीत नाही. ते ‘पुरणपोळी चांगली होती, पण वाढपी कमी पडले’ असे लिहिते. प्रत्येक रिव्ह्यूत त्याच कर्मचाऱ्याचे नाव येत असेल, तर त्याला नावामागे काहीतरी मिळत असणार. आणि रिव्ह्यू जुन्या मालकाच्या काळातले आहेत का, हेही बघावे. हॉटेल बदलते, आचारी बदलतो, मॅप्सवरची नोंद म्हणजे लिस्टिंग तीच राहते.

लॉजच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. मॅप्सवरच्या लिस्टिंगमध्ये फोन नंबर बदलण्याची सूचना कुणीही पाठवू शकतो. चांगल्या रिव्ह्यूंच्या खाली भामट्याचा नंबर असू शकतो. ॲडव्हान्स मागितला आणि यूपीआयवर भलत्याच व्यक्तीचे नाव आले तर थांबावे, दुसरीकडून नंबर पडताळावा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. ‘रिव्ह्यू टाका, प्रत्येकी पन्नास रुपये मिळवा’ हे घरबसल्या कामाचे मेसेजही त्याच जातीचे: सुरुवातीला थोडे पैसे खरेच येतात, मग ‘प्रीपेड टास्क’च्या नावाखाली भरायला लावतात.

आता धंदेवाल्यांची बाजू. वाईट रिव्ह्यू काढून घेण्यासाठी पैसे मागणारे आहेत. त्यांना देऊ नयेत, दिले की पुन्हा मागतात. मेसेजचे स्क्रीनशॉट नंबर आणि वेळेसह ठेवावेत, प्रोफाइलची लिंक जपावी आणि सायबर पोलिसांकडे जावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये खंडणी येते. गूगलकडे तक्रार करताना तीन टिंबांवरून ‘रिपोर्ट रिव्ह्यू’ निवडून नेमके कारण द्यावे: हितसंबंध, स्पॅम, विषयाबाहेरचा मजकूर, शिवीगाळ. नकार आला तर एकदा अपील करता येते. पण ‘हे खोटे आहे’ एवढ्यावर रिव्ह्यू निघत नाही, कारण दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात खरे कोण, हे गूगल ठरवत नाही. तिथे उत्तर लिहिणेच बरे: दोन-तीन ओळी, तारीख आणि बिल क्रमांक विचारावा, चूक असेल तर काय सुधारले ते सांगावे. दवाखान्यांनी उत्तरात रुग्णाचा आजार किंवा उपचार मुळीच लिहू नये.

लिहिणाऱ्यानेही न्यायाने लिहावे. दर्शनाची रांग लांब होती म्हणून लॉजला एक तारा, पावसात ट्रॅफिक लागला म्हणून हॉटेलला एक तारा. आणि तिखट लागली म्हणून मिसळीला एक तारा देणाऱ्याला काय म्हणावे! तारीख, काय घेतले, किती पैसे झाले, काय बिघडले, मालकाला सांगितल्यावर काय झाले, एवढे लिहिले की वाचणाऱ्याचे काम होते. ‘चोर’, ‘लुटारू’ हे शब्द टाळावेत. न्याय संहितेत बदनामीचे कलम ३५६ आहे. सार्वजनिक हितासाठी सांगितलेले सत्य त्यातून वगळले आहे, त्यामुळे बिल जपून ठेवणारा निर्धास्त असतो. प्रश्न सुटला तर रिव्ह्यू बदलता येतो, तो बदलावा.

कायद्यात फट आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक बनून रिव्ह्यू लिहिण्यास मनाई आहे, पण ती ऑनलाइन विक्रीपुरती. गल्लीतल्या दुकानाच्या मॅप्सवरच्या लिस्टिंगला ती सरळ लागू पडत नाही. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १९०००:२०२२ हे मानक रिव्ह्यू गोळा करणे, तपासणे आणि प्रसिद्ध करणे यांसाठीच आहे. त्यात लिहिणाऱ्याची ईमेल, फोन किंवा एसएमएसने पडताळणी सांगितली आहे, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये ते आणताना ऐच्छिक ठेवले. अमेरिकेने ऑक्टोबर २०२४ पासून आणि ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून खोट्या रिव्ह्यूंवर थेट बंदी घातली. आपल्याकडे पैसे देऊन घेतलेला रिव्ह्यू ही जाहिरातच मानावी. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

दिल्लीत काय होईल ते होवो, नाशिकमध्ये काही गोष्टी आजही करता येतील. हॉटेल आणि लॉज व्यावसायिकांच्या संघटनांनी सभासदांच्या गल्ल्यावरच्या ‘पाच स्टार’ सवलतीच्या पाट्या आणि चाळणी लावणारे क्यूआर ध्वजारोहणाआधी काढायला लावावेत. प्रत्येक लॉजने आपला खरा फोन नंबर दर्शनी फलकावर लावावा आणि तोच मॅप्सवर आहे ना, हे आठवड्यातून एकदा तपासावे. प्रशासनाने सिंहस्थाच्या माहितीपत्रकात ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि सायबर हेल्पलाइन १९३० हे दोन्ही क्रमांक मराठी आणि हिंदीत छापावेत.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक